निवृत्त अग्निशामक बंब : चालविण्याचा अधिकार कोणाला?

नगरपरिषदेच्या अथवा कारखान्याच्या सेवेतून निवृत्त झालेला आगीचा बंब हा अनेकांच्या दृष्टीने स्वस्तात मिळणारा उपयुक्त ऐवज असतो. त्याच्यावर पाण्याची टाकी असते, पंप असतो आणि सांगाडा मजबूत असतो. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला, फळबाग जगविण्याची चिंता असलेल्या शेतकऱ्याला किंवा एखाद्या सहकारी संस्थेला असे वाहन घ्यावेसे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र वाहन दारात आल्यानंतर ते चालवावयाचे कोणी, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. गावात ट्रॅक्टर चालविणारे तरुण असतात, जीप चालविणारे असतात. त्यांच्यापैकी कोणीतरी तो चालवील, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतच धोक्याचे आहे. म्हणून अशा वाहनाबाबतचे चालक अनुज्ञप्तीचे, म्हणजे लायसन्सचे, नियम आणि त्यांच्याशी निगडित इतर तरतुदी समजून घेणे सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक व संस्थाचालक या सर्वांनाच आवश्यक आहे.

सवलत कामाला, वाहनाला नव्हे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याने १९३९ च्या जुन्या अधिनियमाची जागा घेतली. या अधिनियमाने आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी आग विझविणाऱ्या वाहनांना काही सवलती दिल्या आहेत. कलम ६६ अन्वये परिवहन वाहनास एरवी लागणारा परवाना, केवळ अग्निशमनाच्या कामी वापरल्या जाणाऱ्या वाहनास लागत नाही. त्याला भोंगा वाजविता येतो, विशेष दिवा लावता येतो. अशा वाहनास वाट न देणाऱ्यास २०१९ च्या सुधारणेने दाखल झालेल्या कलम १९४-ई अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या सर्व सवलती संकटात सापडलेल्या माणसापर्यंत मदत लवकर पोहोचावी म्हणून आहेत. त्या लोखंडी सांगाड्याला किंवा लाल रंगाला दिलेल्या नाहीत. वाहन सेवेतून निवृत्त झाले की काम संपते आणि कामाबरोबर सवलतीही संपतात. परंतु वाहनाचे वजन, त्याची लांबी, उंची आणि ते थांबविण्यास लागणारे अंतर यांत तसूभरही फरक पडत नाही. निवृत्त बंबासंबंधीच्या सर्व नियमांचे सार या एकाच गोष्टीत सामावलेले आहे.

वजनावरून ठरणारा वर्ग

कलम ३ अन्वये वैध अनुज्ञप्तीशिवाय कोणालाही सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविता येत नाही. आणि परिवहन वाहन चालविण्यासाठी अनुज्ञप्तीवर त्याचा स्पष्ट अधिकार नोंदलेला असावा लागतो. सार्वजनिक जागा म्हणजे केवळ डांबरी महामार्ग नव्हे. ज्या ज्या रस्त्यावर वा जागेवर जनतेला जाण्यायेण्याचा हक्क आहे, तो गावरस्ता आणि बाजाराचे मैदान यांचाही तीत समावेश होतो.

केंद्र शासनाने २००४ मध्ये अधिसूचनेद्वारे वाहनांच्या प्रकारांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अग्निशमन वाहने, रुग्णवाहिका आणि शववाहिका यांची गणना परिवहन वाहनांत केली आहे. म्हणजे बंब खाजगी मालकीचा झाला, तरी नोंदणीत तो बंब असेतोवर घरच्या मोटारगाडीच्या पंक्तीला बसत नाही.

पुढचा प्रश्न वजनाचा. परिवहन वाहनाचे भारासह एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमपर्यंत असेल तर ते हलके मोटार वाहन ठरते. मालवाहू वाहनांत १२,००० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे वाहन जड आणि या दोहोंच्या मधले ते मध्यम. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीस त्याच वजनमर्यादेतील परिवहन वाहन चालविता येईल काय, याविषयी दीर्घकाळ वाद होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बजाज अलायन्स विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात तो मिटविला. ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी आहे, त्यावर वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली रुग्णवाहिका सामान्यतः ७,५०० किलोग्रॅमच्या आत बसते; तिला हा निर्णय लागू होतो. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला मोठा बंब मात्र या मर्यादेच्या बराच पुढे असतो. ४,५०० लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन साडेचार टन होते. त्यात सांगाडा, पंप, शिड्या आणि नळ्या यांची भर पडते. असा बंब चालविण्यासाठी मोटारगाडीची अथवा ट्रॅक्टरची अनुज्ञप्ती चालत नाही. परिवहन वाहनाची नोंद असलेली अनुज्ञप्तीच लागते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. ‘टाकी रिकामी आहे, आता वजन कमी झाले, मग हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती चालेल,’ असा युक्तिवाद केला जातो. तो चुकीचा आहे. परिवहन वाहनाचा वर्ग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण वजनावरून ठरतो. त्या दिवशी टाकीत किती पाणी आहे यावरून नव्हे. म्हणून अनुज्ञप्तीचा विचार करण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र हाती घेऊन त्यातील एकूण वजनाचा आकडा वाचणे, ही पहिली पायरी होय.

अनुज्ञप्ती मिळविण्याची रीत

परिवहन वाहन चालविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. सामान्य अनुज्ञप्तीसाठी ही मर्यादा १८ वर्षे आहे. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष धारण केल्याशिवाय परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळत नाही. अर्जासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. मोटार वाहन प्रशिक्षण संस्थेतील जड वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १५ तास असावेत, असे नियम सांगतात. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवस होण्यापूर्वी पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येत नाही. परिवहन वाहनासाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या कुशल चालकांनाही आता हा मार्ग मोकळा आहे. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते.

ही तयारी निरर्थक औपचारिकता नव्हे. वेग दुप्पट झाला की वाहनातील गतिजन्य ऊर्जा चौपट होते आणि थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय पाणी हा स्थिर माल नसतो. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर बाहेरच्या बाजूला आणि ब्रेक लावताच पुढे धाव घेते. टाकीत आडवे पडदे बसविलेले असतात ते याचसाठी. परंतु जुन्या टाकीत ते गंजलेले वा निखळलेले असू शकतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची रीत जीपच्या ब्रेकहून वेगळी असते. पुरेसा दाब तयार होईपर्यंत वाहन हलविता येत नाही. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या कुशल चालकालाही या गोष्टी शिकल्यावाचून कळत नाहीत.

जुना अनुभव आणि नवी अनुज्ञप्ती

सेवेत असताना ज्याने असे वाहन वर्षानुवर्षे चालविले, त्याला निवृत्तीनंतर वेगळी अनुज्ञप्ती कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्याच्या अनुज्ञप्तीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. नगरपरिषदेच्या चालकाकडे परिवहन वाहनाची नियमित अनुज्ञप्ती असेल आणि तिची मुदत संपली नसेल, तर अडचण येत नाही. संरक्षण दलांतील चालकांची स्थिती मात्र वेगळी असते. कलम १८ अन्वये संरक्षण विषयक कामाच्या केंद्र शासनाच्या वाहनांसाठी जी खास अनुज्ञप्ती देण्यात येते, ती केवळ त्याच वाहनांपुरती असते. तिच्या आधारे अन्य कोणतेही वाहन चालविता येत नाही. ज्या जिल्ह्यांत माजी सैनिकांची संख्या मोठी आहे, तेथे ही तरतूद आवर्जून लक्षात ठेवली पाहिजे. सैन्यात अवजड वाहने चालविलेल्या व्यक्तीचे कौशल्य मोलाचे असले तरी नागरी वाहनासाठी परिवहन कार्यालयाची अनुज्ञप्ती तिला घ्यावीच लागते.

हेच तत्त्व अन्य देशांतही दिसते. जर्मनीत ३.५ टनांहून जड वाहनासाठी मोटारगाडीची अनुज्ञप्ती पुरत नाही. तेथील गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकांना चालक कमी पडू लागले, तेव्हा त्यांच्या सदस्यांना ७.५ टनांपर्यंतची पथकाची वाहने चालविण्याचा खास अधिकार कायद्याने देण्यात आला. तो पथकाच्या कामापुरताच आहे. तोच स्वयंसेवक तशाच वजनाचा निवृत्त बंब स्वतःसाठी विकत घेईल, तर त्याला त्या वर्गाची पूर्ण अनुज्ञप्ती मिळवावी लागते.

वाहन रस्त्यावर येऊ शकते काय?

चालक सुयोग्य असला तरी वाहन रस्त्यावर आणण्याजोगे आहे किंवा नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. केंद्रीय नियमांतील नियम ५२-अ हा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपरिषदा, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम, सार्वजनिक उपक्रम आणि शासकीय स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही. अशा वाहनाची विल्हेवाट नोंदणीकृत वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रामार्फतच लावावयाची असते. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांना यातून वगळलेले आहे. नगरपरिषदेच्या बंबाला मात्र ही सूट मिळत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, नगरपरिषदेचा पंधरा वर्षे पूर्ण झालेला बंब लिलावात घेऊन रस्त्यावर चालविण्याचा बेत आता कोणीही करू नये. पंचायतीने दुसऱ्या स्थानिक संस्थेकडून असे वाहन देणगी म्हणून घेण्याचाही विचार करू नये. कारण पंचायतीच्या मालकीचे वाहनही याच नियमाखाली येते. खाजगी हाती जाऊ शकतात ती पंधरा वर्षांच्या आत विक्रीस काढलेली सार्वजनिक वाहने आणि खाजगी कारखान्यांच्या मालकीचे बंब.

जुन्या वाहनांच्या हौशी संग्राहकांसाठीही एक खुलासा आवश्यक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना २०२१ च्या नियमांनी विशेष नोंदणी देऊ केली आहे. परंतु ती दुचाकी आणि प्रवासी मोटारगाड्यांपुरती आहे. ट्रकच्या सांगाड्यावरील जड बंब तीत बसत नाही.

नोंदणी, योग्यता आणि परवाना

विक्री झाल्यावर मालकी हस्तांतरणाची नोंद कलम ५० अन्वये करावी लागते. विकणाऱ्याने, वाहन त्याच राज्यात नोंदलेले असल्यास, १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. शासनाने किंवा शासनाच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावात वाहन घेतले असेल, तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत विक्री कायम केल्याचा आदेश जोडावा लागतो.

परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आठ वर्षांहून जुन्या वाहनाचे हे प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. पंप आणि शिड्या काढून बंबाचा पाण्याचा टँकर करावयाचा असेल, तर तो वाहनातील बदल ठरतो. नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेतल्याशिवाय असा बदल करता येत नाही. अनधिकृत बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. टँकर झाल्यावर ते मालवाहू वाहन होते आणि अग्निशमनासाठी असलेली परवान्याची सूट त्याला राहत नाही. स्वतःच्या शेतासाठी पाणी वाहावयाचे असो अथवा भाड्याने द्यावयाचे असो, एकूण वजन ३,००० किलोग्रॅमहून अधिक असल्याने परवाना घ्यावा लागतो. ज्या टाकीत कधीकाळी आग विझविण्याच्या फेसाचे रसायन साठविले गेले असेल, तिचा पिण्याच्या पाण्यासाठी वापर करणे टाळावे, ही आरोग्याच्या दृष्टीने वेगळी सूचना.

भोंगा आणि दिवा यांविषयी नियम स्पष्ट आहेत. नियम ११९ अन्वये विशेष ध्वनिसंकेताची मुभा रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलिस अशा कामांवरील वाहनांना आहे. १ मे २०१७ रोजी झालेल्या बदलानंतर लाल, निळा व पांढरा बहुरंगी दिवा केवळ आपत्कालीन कर्तव्यावरील वाहनांपुरता राहिला. खाजगी मालकाने वाहन ताब्यात घेताच ही साधने काढून टाकणे उचित होय. बाजूंवरील ‘अग्निशमन दल’ ही अक्षरेही पुसली पाहिजेत. जत्रेत वा मिरवणुकीत गंमत म्हणून वाजविलेला भोंगा ऐकून लोक वाट देतात. तसे दोनचार वेळा झाले की खऱ्या बंबाचा भोंगा ऐकूनही कोणी हलत नाही. तेव्हा नुकसान होते ते ज्याचे घर जळत असते त्याचे.

जबाबदारी मालकाची

अनुज्ञप्ती नसताना वाहन चालविणाऱ्यास कलम १८१ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा व्यक्तीच्या हाती वाहन देणाऱ्या मालकासही कलम १८० अन्वये तेवढीच शिक्षा सांगितली आहे. तथापि दंडाहून मोठा भार नुकसानभरपाईचा असतो.

शासनाच्या मालकीच्या आणि व्यापारी स्वरूप नसलेल्या कामावरील वाहनास कलम १४६ मधील सक्तीच्या विम्यातून सूट आहे. त्यामुळे शासकीय वाहन विकत घेताना त्याचा विमा अस्तित्वातच नसण्याचा संभव असतो. तो उतरविल्याशिवाय वाहन लिलावाच्या आवाराबाहेर रस्त्यावर चालवीत नेता येत नाही. विमा असूनही चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती नसेल, तर विमा कंपनीस बचाव मिळतो. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंह या २००४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. अपघातग्रस्तास भरपाई मिळावी म्हणून कंपनीस रक्कम आधी देण्यास सांगता येते. मात्र मालकाने चालकाची अनुज्ञप्ती पाहण्यात हलगर्जी केल्याचे सिद्ध झाले, तर ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघाताची भरपाई लाखो रुपयांची असू शकते. ती भरण्यासाठी शेतकऱ्याला जमीन विकावी लागेल, किंवा संस्थेची वर्षानुवर्षांची शिल्लक एका निकालाने संपून जाईल.

निर्णयापूर्वीचा क्रम

वरील विवेचनावरून निवृत्त बंब घेण्याचा विचार करणाऱ्यांनी पुढील क्रम पाळावा, हे उघड होते. प्रथम नोंदणी प्रमाणपत्र पाहून पहिल्या नोंदणीची तारीख आणि एकूण वजन या दोन बाबी लिहून घ्याव्यात. तारखेवरून वाहन रस्त्यावर येऊ शकेल किंवा नाही हे कळते आणि वजनावरून चालकाला कोणती अनुज्ञप्ती लागेल हे कळते. दुसरे, नियोजित चालकाची मूळ अनुज्ञप्ती पाहून परिवहन वाहनाची नोंद आणि तिची मुदत तपासावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. तिसरे, पंधरा वर्षांची अट, नियोजित बदल, योग्यता प्रमाणपत्र आणि परवाना यांविषयी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात बोली लावण्यापूर्वीच विचारणा करावी. चौथे, विम्याची व्यवस्था झाल्याशिवाय वाहन हलवू नये. घाई असल्यास ते दुसऱ्या वाहनावर लादून आणावे. पंचायत वा संस्था असल्यास या चारही बाबींची नोंद ठरावात घ्यावी, म्हणजे पुढे कोण काय म्हणाले याचा वाद उरत नाही.

हे सर्व केल्यावर पुष्कळदा असे दिसून येईल की, लिलावातील स्वस्त बंबापेक्षा आवश्यक त्या दिवसांपुरता अनुज्ञप्तीधारक चालकासह भाड्याने घेतलेला टँकर स्वस्त पडतो. तसे दिसून आल्यास मोह आवरणे हेच शहाणपणाचे. आणि सर्व बाबी अनुकूल असतील, तर सुयोग्य चालकाच्या हाती तेच जुने वाहन आणखी काही वर्षे गावाच्या उपयोगी पडेल. आग विझविण्यासाठी बांधलेल्या वाहनाने सेवा संपल्यानंतर रस्त्यावर कोणाचा बळी घेऊ नये, एवढी दक्षता त्याच्या नव्या मालकाने घ्यावयाची आहे.